रस्त्यावरचा कुत्रा घर कसं शिकतो

मानकोली नाक्यावर मुंबई-नाशिक महामार्ग ओलांडणाऱ्या एखाद्या गावठी कुत्र्याकडे थोडा वेळ पाहत राहा. कंटेनरचा वेग, रिक्षांची घुसाघुशी, दुचाकींची वळणं यांचा अंदाज घेत तो टप्प्याटप्प्याने पुढे सरकतो, दुभाजकापाशी थांबतो, मान वळवून पाहतो आणि पलीकडे पोहोचतो. याच कुत्र्याला पायाला मार लागला म्हणून कुणी उचलून आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरी आणलं, तर तो दारातच बसकण मारतो. समोर जेमतेम चार पावलांची गुळगुळीत फरशी असते. महामार्ग पार करणाऱ्या प्राण्याला ती पार करता येत नाही.

भिवंडी हे यंत्रमागांचं आणि गोदामांचं शहर. शहरातल्या गल्ल्यांत मागांचा खडखडाट, तर काल्हेर, दापोडे, पूर्णा, वळ या गावांत गोदामांच्या रांगा. वॉचमनच्या डब्यातल्या चपातीवर वाढलेले, दुपारी उभ्या ट्रकच्या सावलीत झोपणारे कुत्रे इथे जागोजागी दिसतात. त्यांतला एखादा गाडीखाली येतो, एखाद्याला खरूज होते, पावसाळ्यात पिल्लं गटाराकाठी सापडतात. मग कुणीतरी त्याला बरा होईपर्यंत किंवा कायमचं घर मिळेपर्यंत आपल्याकडे ठेवून घेतं. प्राणिमित्रांच्या बोलण्यात याला ‘फॉस्टर करणं’ म्हणतात. हे काम वरून साधं दिसतं: छप्पर, अन्न, औषध. पण त्या काही आठवड्यांत कुत्र्याच्या नाकात, कानात, पंजात आणि मेंदूत जे घडतं, ते समजून घेतलं की थक्क व्हायला होतं.

जगून आलेला प्राणी

आधी हे लक्षात घ्यायला हवं की आपल्या दारात आलेला मोठा कुत्रा हा आधीच एक कठीण परीक्षा पास झालेला आहे. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी अनेक वर्षं भारतातल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करत आहेत. त्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत शंभरातली सुमारे ८१ पिल्लं सात महिन्यांची होण्याआधीच मेलेली आढळली. त्यांतल्या बहुतांश मृत्यूंना कुठे ना कुठे माणूस कारणीभूत होता. म्हणजे जो कुत्रा वर्षाचा झाला, त्याने माणसाला वाचायला शिकूनच ते वर्ष गाठलं.

हे वाचन किती बारीक असतं, तेही याच गटाने दाखवलं. अनोळखी माणसाने दोन झाकलेल्या भांड्यांपैकी एकाकडे बोट केलं, तेव्हा जवळजवळ निम्मे कुत्रे भीतीने पुढे आलेच नाहीत. पण जे आले, त्यांतल्या सुमारे ८० टक्के कुत्र्यांनी बोटाची दिशा बरोबर ओळखली. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, कुणाच्या घरात ते राहिले नव्हते. फॉस्टर कुत्र्याचा सगळा स्वभाव या एका प्रयोगात दिसतो. समज भरपूर आहे. ती भीतीच्या मागे थांबलेली आहे. आपलं काम समज भरवण्याचं नाही, भीती उतरू देण्याचं आहे.

नाकाला दिसणारं घर

आपण नव्या घरात शिरलो की भिंती, खिडक्या, सोफा पाहतो. कुत्रा आधी हवा वाचतो. माणसाच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी साधारण ५० ते ६० लाख असतात. कुत्र्यात त्या जातीनुसार दहा कोटींपासून तीस कोटींपर्यंत असतात. त्याच्या नाकाची आतली रचनाही वेगळी आहे. आत घेतलेल्या हवेचा साधारण आठवा भाग श्वासाच्या मुख्य वाटेवरून बाजूला होऊन थेट मागच्या, गंध ओळखणाऱ्या कप्प्यात जातो आणि तिथे रेंगाळतो. श्वास सोडताना हवा नाकपुड्यांच्या बाजूच्या फटींतून मागच्या दिशेने निघते, त्यामुळे समोरचा गंध फारसा विस्कटत नाही. शिवाय टाळूच्या वर एक वेगळं गंधेंद्रिय असतं. दुसऱ्या कुत्र्यांनी शरीरातून सोडलेले रासायनिक संकेत ते टिपतं.

आता या नाकाने आपलं घर हुंगून पाहा. फिनाईल, उदबत्ती, हिंगाची फोडणी, कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, धुण्याचा साबण, चार माणसांचा घाम. गोदामाच्या गेटवर त्याला प्रत्येक गंधाचा अर्थ ठाऊक होता: हा वॉचमनचा बूट, हा पलीकडच्या टोळीतल्या नराचा खांब, हा चहाच्या टपरीचा कचरा. इथे शेकडो गंध आहेत आणि ओळखीचा एकही नाही. म्हणून पहिल्या दिवशी तो तासन् तास भिंतीच्या कडेने हुंगत फिरतो, किंवा एका कोपऱ्यात बसून फक्त नाकपुड्या हलवत राहतो. तो घराचा नकाशा काढत असतो.

अमेरिकेतले मेंदूतज्ज्ञ ग्रेगरी बर्न्स यांनी कुत्र्यांना जागेपणी, कसलीही गुंगी न देता, एमआरआय यंत्रात स्थिर पडून राहायला शिकवलं. मग त्यांना वेगवेगळे वास दिले: स्वतःचा, ओळखीच्या आणि अनोळखी कुत्र्याचा, ओळखीच्या आणि अनोळखी माणसाचा. मेंदूतला सुखद अपेक्षेशी जोडलेला भाग सगळ्यांत जास्त उजळला तो ओळखीच्या माणसाच्या वासाने, आणि तोही तो माणूस समोर नसताना.

यातून व्यवहारातल्या दोन गोष्टी निघतात. ज्या गोणपाटावर किंवा चादरीवर तो गाडीतून आला, ते लगेच धुऊ नये, त्याच्या कोपऱ्यात ठेवावं. तेवढाच एक ओळखीचा गंध. आणि आपला वापरलेला सुती कपडा त्याच्या अंथरुणाशेजारी टाकावा. आपण ऑफिसात असतो तेव्हाही तो कपडा आपली ओळख करून देत राहतो.

माग ऐकू येत नाही, कुकर येतो

माणसाचा कान जास्तीत जास्त २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकतो, कुत्र्याचा सुमारे ४५ हजारांपर्यंत. काही विजेच्या उपकरणांतून निघणारा बारीक आवाज आपल्याला जाणवतही नाही, त्याला जाणवू शकतो. पण खरं आश्चर्य वेगळंच आहे. यंत्रमागांच्या खडखडाटात शेजारी उभ्या माणसाशी बोलायचं तर ओरडावं लागतं. त्या मागांच्या भिंतीला टेकून झोपणारा कुत्रा घरात कुकरची एक शिट्टी झाली की ताडकन उठतो.

कारण मेंदू आवाजाचा मोठेपणा मोजून थांबत नाही, त्याचा अर्थ मोजतो. जो आवाज पुन्हा पुन्हा येतो आणि ज्यातून काही वाईट घडत नाही, त्याला प्रतिसाद देणं मज्जासंस्था हळूहळू कमी करते. सवय होते म्हणतात ती हीच. मागाची सवय झालेली आहे. कुकर, मिक्सर, फ्लश, दाराची बेल आणि डोक्यावर फिरणारा पंखा यांची अजून व्हायची आहे. पंखा तर त्याच्या दृष्टीने छताला लटकलेली, स्वतःहून हलणारी वस्तू आहे.

ही सवय लावता येते. मिक्सर लावायचा तेव्हा कुत्रा शक्यतो दुसऱ्या खोलीत असावा आणि त्याच वेळी त्याच्यासमोर चिकनचा किंवा पनीरचा तुकडा यावा. आवाज दुरून, थोडा वेळ, आणि मागोमाग चांगली गोष्ट. इव्हान पाव्हलॉव्ह यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दाखवलेलं नातं इथे उपयोगी पडतं. भीतीचा आवाज हळूहळू खाऊची वर्दी होतो. टीव्ही मात्र पहिले काही दिवस हळू ठेवावा. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात २०१२ साली झालेल्या अभ्यासात शांत शास्त्रीय संगीत चालू असताना निवाऱ्यातले कुत्रे जास्त झोपले, तर हेवी मेटल लावल्यावर त्यांचं थरथरणं वाढलं.

फरशीचं भय

आता त्या चार पावलांच्या फरशीकडे येऊ. कुत्र्याच्या पंजाची गादी जाड, खरबरीत आणि लवचीक असते. माती, डांबर, खडी यांवर ती घट्ट पकड घेते. नखं मांजरासारखी आत जात नाहीत, बाहेरच असतात, आणि मऊ जमिनीत ती रुततात. चकचकीत फरशीवर गादीला खरबरीतपणा मिळत नाही आणि नखांना रुतायला जागा मिळत नाही. पाय एकदा सरकला की कुत्रा घाबरून बोटं आवळतो, म्हणजे गादी आणखी वर उचलली जाते, नखं आणखी टेकतात आणि घसरण वाढते. त्यात कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांत. घाबरलेल्या कुत्र्याच्या पावलांचे ओले ठसे फरशीवर उमटतात ते यामुळेच.

त्याला ओढून आत नेलं तर भीती पक्की होते. दारापासून त्याच्या कोपऱ्यापर्यंत आणि तिथून पाण्याच्या भांड्यापर्यंत सतरंजी, गोणपाट किंवा जुनी योगा मॅट अंथरून एक वाट करावी. कापडाच्या गावात तुकड्यांची कमतरता नाही. वाट मिळाली की बहुतेक कुत्रे आपापल्या पावलांनी आत येतात. जिन्याचंही तसंच. आधी खालच्या दोन पायऱ्या, मग चार.

रक्तातला ताण आणि पहिल्या रात्रीची झोप

अमेरिकेत मायकेल हेनेसी आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली निवाऱ्यात आलेल्या कुत्र्यांच्या रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी स्रवणारं संप्रेरक, मोजलं. पहिल्या तीन दिवसांत ते घरी राहणाऱ्या कुत्र्यांपेक्षा खूपच चढलेलं होतं. बाहेरून शांत पडलेला कुत्रा आतून शांत असेलच असं नाही. अशा वेळी तो जेवत नाही, बद्धकोष्ठ किंवा जुलाब होतात, हाक मारली तरी बघत नाही. त्याला ‘किती गुणी आहे’ म्हणत कडेवर घेऊन सोसायटीभर फिरवणं, नातेवाइकांना बोलावणं, पहिल्याच दिवशी आंघोळ घालणं, हे सगळं त्या चढलेल्या ताणात भर घालतं.

दुसऱ्या बाजूला, घराचा परिणाम किती लवकर दिसतो हेही मोजलं गेलं आहे. लिसा गंटर आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या पाच निवाऱ्यांमधल्या दोनशेहून अधिक कुत्र्यांना एक-दोन रात्रींसाठी कुणाच्या तरी घरी पाठवलं. तेवढ्यानेही त्यांचं कॉर्टिसॉल उतरलं आणि त्यांना सलग विश्रांती मिळू लागली. घराची एक रात्रसुद्धा शरीराला कळते.

झोपेचं तर आणखी नवल. नव्या जागी पहिल्या रात्री आपल्याला नीट झोप लागत नाही. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली त्याचं कारण शोधलं: माणसाच्या मेंदूचा डावा अर्धा भाग त्या रात्री कमी गाढ झोपतो आणि अनोळखी आवाजाला जास्त प्रतिसाद देतो. अर्धा मेंदू पहारा देतो. हंगेरीतल्या बुडापेस्टमधल्या संशोधकांनी घरच्या कुत्र्यांच्या डोक्याला वेदना न होणारे इलेक्ट्रोड चिकटवून प्रयोगशाळेत त्यांची झोप पुन्हा पुन्हा नोंदवली, तेव्हा त्यांचीही पहिल्या वेळची झोप नंतरच्या झोपांपेक्षा वेगळी निघाली. जागा ओळखीची व्हायला कुत्र्याच्या मेंदूलाही वेळ लागतो.

बुडापेस्टमध्येच झालेला दुसरा प्रयोग सांगायलाच हवा. बस, आडवा हो या ओळखीच्या क्रियांसाठी हंगेरीतल्या कुत्र्यांना इंग्रजी शब्द शिकवले आणि नंतर झोपू दिलं. शिकल्यानंतरच्या झोपेत मेंदूच्या लहरी बदललेल्या दिसल्या, आणि त्या बदलाचा संबंध पुढच्या परीक्षेतल्या कामगिरीशी होता. तेव्हा आपला फॉस्टर कुत्रा दिवसभर नुसता झोपतो, अशी काळजी वाटली तर हे आठवावं. दिवसभरात हुंगलेलं, ऐकलेलं, पाहिलेलं तो झोपेत पक्कं करत असतो. झोपलेल्या कुत्र्याला हात लावून उठवू नये आणि मुलांनाही हे आधीच बजावून ठेवावं.

रेस्क्यू करणारी माणसं ‘तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने’ असा हिशेब सांगतात: तीन दिवसांत भेदरलेपण थोडं उतरतं, तीन आठवड्यांत घरची वेळापत्रकं कळतात, तीन महिन्यांत तो घरचा होतो. हा प्रयोगशाळेतला नियम नाही, अनुभवातून आलेला अंदाज आहे. काही कुत्रे आठवड्यात रुळतात, काहींना वर्ष लागतं.

आत आणि बाहेर

रस्त्यावरचा कुत्रा घर घाण करणारच, असं धरून चालतात. प्रत्यक्षात कुत्र्याचं पिल्लू नीट चालू लागताच झोपायची जागा सोडून लांब जाऊन लघवी करतं, आणि दोन महिन्यांच्या आसपास कोणत्या पृष्ठभागावर करायची याची आवड पक्की होऊ लागते. रस्त्यावर वाढलेल्याची आवड असते माती. ही आपल्यासाठी जमेची बाजू आहे. त्याला एवढंच माहीत नसतं की दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि बाल्कनी मिळून सगळीच ‘झोपायची जागा’ आहे.

म्हणून सुरुवातीला त्याला सगळं घर देऊ नये, एक कोपरा किंवा एक खोली द्यावी. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर आणि रात्री झोपण्याआधी मातीच्या जागी न्यावं, आणि काम झाल्याबरोबर तिथेच शाबासकी व खाऊ द्यावा. घरी येऊन दिलेला खाऊ त्याला घरी येण्याचं बक्षीस वाटतो. घरात झालंच तर रागावू नये, तोंड तर त्यात घासूच नये. त्यातून तो इतकंच शिकतो की माणसासमोर लघवी करणं धोक्याचं आहे, आणि मग बाहेरही आपल्यासमोर करत नाही. पुसताना अमोनिया असलेलं द्रावण टाळावं, कारण त्याचा वास लघवीच्या जवळचा असतो.

ओळख किती लवकर होते

बुडापेस्टमधल्याच मार्टा गाची आणि सहकाऱ्यांनी २००१ साली निवाऱ्यातल्या मोठ्या कुत्र्यांना एका अनोळखी माणसाबरोबर दहा-दहा मिनिटं, फक्त तीन वेळा, वेळ घालवू दिला. एवढ्यावर ते कुत्रे त्या माणसाशी, पाळीव कुत्रा मालकाशी वागतो तसं जवळिकीने वागू लागले. आणि कोलकात्याच्या गटाने २०१७ साली दाखवलं की वारंवार भेटणाऱ्या अनोळखी माणसावर रस्त्यावरचे कुत्रे विश्वास टाकतात तो खाण्यापेक्षा प्रेमाने फिरवलेल्या हातामुळे जास्त.

तो हात मात्र त्याने मागितल्यावर फिरावा. त्याच्याकडे तोंड करून, वाकून, डोक्यावरून हात नेणं त्याला हल्ल्यासारखं वाटू शकतं. जमिनीवर तिरकं बसावं, नजर दुसरीकडे ठेवावी, तो जवळ आला तर छातीवर किंवा मानेच्या बाजूला खाजवावं आणि थांबावं. तो आणखी सरकला तर पुढे. झोप नसताना जांभई देणं, समोर खाणं नसताना ओठ चाटणं, मान फिरवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवणं, ही सगळी ‘थोडं लांब व्हा’ अशी विनंती आहे. ती मानली की गुरगुरण्याची वेळच येत नाही.

हे नातं फार जुनं आहे. नेवासे-श्रीरामपूरच्या पट्ट्यातल्या दायमाबादला १९७४ साली सापडलेल्या प्राचीन धातूच्या रथावर, सारथ्याच्या पुढे दांडीवर एक कुत्रा उभा आहे. जर्मनीत बॉनजवळ सुमारे १४ हजार वर्षांपूर्वी माणसांसोबत पुरलेलं एक पिल्लू मिळालं. त्याच्या दातांवरच्या खुणांवरून २०१८ साली संशोधकांनी सांगितलं की त्याला डिस्टेंपर हा आजार झाला होता आणि कुणीतरी आठवडेच्या आठवडे शुश्रूषा केल्याशिवाय ते तेवढं जगलं नसतं. शिकारीला निरुपयोगी, आजारी पिल्लाला जवळ ठेवून घेणारी माणसं तेव्हाही होती.

घरी आणण्याआधी

सगळ्याच कुत्र्यांना घरात आणायची गरज नसते. आपल्या हद्दीत सुखाने राहणाऱ्या, धडधाकट कुत्र्याची नसबंदी आणि रेबीजचं लसीकरण करून त्याला त्याच भागात परत सोडावं, असं २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम सांगतात. फॉस्टर घर लागतं ते जखमी, आंधळ्या, म्हाताऱ्या कुत्र्यांना, आईविना पिल्लांना आणि टाकून दिलेल्या पाळीव कुत्र्यांना.

आणण्याआधी पशुवैद्याकडून तपासणी, रेबीजची लस, जंत आणि गोचिडांचं औषध करून घ्यावं. घरात दुसरा कुत्रा असेल तर दोन आठवडे दोघांना वेगळं ठेवावं. जो कुत्रा अचानक विचित्र वागतो, लाळ गाळतो, झोकांड्या देतो, त्याला हात न लावता पशुवैद्याला कळवावं. चावा किंवा ओरखडा झाला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुऊन त्याच दिवशी रुग्णालयात जावं. सरकारी रुग्णालयात रेबीजची लस मोफत मिळते. पहिले काही आठवडे बाहेर नेताना गळपट्टा आणि हार्नेस दोन्ही लावावेत, कारण घाबरलेला कुत्रा गळपट्ट्यातून मान सहज काढतो. सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ सालच्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. तरी शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं.

फॉस्टर करायला मोठं घर, बागबगीचा किंवा खास प्रशिक्षण लागत नाही. एक शांत कोपरा, घसरणार नाही अशी वाट, ठरलेल्या वेळा आणि घाई न करणारी माणसं लागतात. बाकीचं शिक्षण कुत्र्याचं नाक, कान आणि झोप पार पाडतात. तुमच्या घरात असा एक कोपरा रिकामा असेल, तर जवळच्या प्राणिमित्रांना किंवा पशुवैद्याला तसं सांगून ठेवा. येत्या पावसाळ्यात त्यांना त्याची गरज नक्की पडेल.